आपोरोसाच्या करवतीचे सगेसोयरे

आपोरोसाने लांबासा शहरात दुसरं घर मांडलं आहे आणि त्या घरात आता तान्हं मूलही आहे, ही बातमी वाइनिकाउ गावात बुधवारी दुपारच्या बसने उतरली. आणणारी लुसियाना. ती बाजारात दालोचे कंद विकायला जाते आणि येताना रिकाम्या टोपलीतून गावभर पुरतील एवढ्या गोष्टी घेऊन येते. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सकाळच्या बसमध्ये आपोरोसा खिडकीशी बसलेला, अंगात चर्चला जायचा शर्ट आणि मांडीवर निळ्या-पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेलं मूल. खड्डा आला की दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरत होता म्हणे.

आपोरोसाची बायको उनाइसी गावच्या नळावर कपडे आपटत होती. लुसियाना तिच्याजवळ बसली, उसासा टाकला आणि सगळं सांगितलं. उनाइसीचा हात थांबला नाही.

"मूल कोणाच्या वळणावर गेलंय?"

"तोंड झाकलेलं होतं गं."

"रडत होतं?"

"छे! गुणी बाळ. पण खालून काहीतरी गळत होतं. बसभर वास सुटलेला."

"कसला? पेट्रोलचा?"

लुसियाना विचारात पडली. "आता तू म्हणतेस तर... हो की."

"मग ते आमचंच," उनाइसी म्हणाली. "सव्वीस वर्षांचं झालंय, पण गळायचं काही थांबत नाही."

तर मूल नव्हतं, चेन-करवत होती. बसवाला तेलकट सामान आत घेत नाही, टपावर फेकतो. आणि आपली करवत टपावर फेकू देईल तो आपोरोसा कसला! म्हणून त्याने नातीचं दुपटं पळवलं होतं. लुसियाना जरा खट्टू झाली, पण बाई हुशार. संध्याकाळपर्यंत तिने गावात दुसरी बातमी सोडली की आपोरोसाला वेड लागलंय. ही मात्र पहिलीइतकी खोटी नव्हती. त्या आठवड्यात आपोरोसाच्या डोक्यात जो गोंधळ चालला होता, त्याला वेड म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, हे अजून ठरलेलं नाही.

आपोरोसाला तुम्ही पाहिलंत तर ओळखाल. रुंद पाठ, उजव्या कानाला जरा कमी ऐकू येतं, आणि डाव्या अंगठ्याला अर्धंच नख. वय बावन्न. करवत हातात घेतली की हा माणूस ती सुरू करायची दोरी ओढण्याआधी लाकडावरून तळवा फिरवतो, अंगणातल्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग जुन्या बॅटरीच्या सेलातली काळी भुकटी दोऱ्याला चोळायची, दोरा ओंडक्यावर ताणून टण्‌कन सोडायचा, आणि त्या काळ्या रेघेवरून नुसत्या हाताने फळी कापायची. चौकट नाही, रूळ नाही. अशी फळी की तिच्यावर अंडं ठेवलं तर गडगडणार नाही. गावातली अर्धी घरं त्याच्या हातची. चर्चचे बाकही त्याचेच. त्या बाकांवर झोप फार छान लागते, हे पाद्रीबुवा सोडून सगळे मान्य करतात.

एवढ्या गुणाच्या माणसात एकच खोट. त्याला 'नाही' म्हणता येत नाही.

तसं आमच्याकडे कोणालाच म्हणता येत नाही. नात्यातला माणूस दारात आला, मांडी घालून बसला आणि "केरेकेरे, तुझं ते अमुक" म्हणाला, की ते अमुक त्याचं. परत कधी, हे विचारायचं नाही. उद्या आपल्याला काही लागलं की आपण त्याच्या दारात जाऊन मांडी घालायची. पण बाकीचे निदान वस्तू लपवतात तरी! गावच्या मुखियाचा नवा टॉर्च तांदळाच्या डब्यात असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपोरोसाला लपवायचंसुद्धा सुचत नाही. त्याच्याकडे फावडं मागायला गेलात तर तो विचारतो, "घमेलं नको का?"

आता या वर्षीची गोष्ट. मार्चमधल्या वादळाने त्याच्या आईचं, केलेराचं, घर नेलं. छप्पर एका वाटेने गेलं, भिंती दुसऱ्या. चार खांब तेवढे राहिले. म्हातारी पंच्याहत्तरीची. मुलाकडे राहायला ये म्हटलं तर म्हणाली, "माझा नवरा या खांबांमध्ये वारला, मी कुठे जाऊ?" खांबांवर निळी ताडपत्री ताणली आणि खाली चटई टाकून बसली ती बसलीच. पण त्याच वादळाने एक उपकारही केला. वरच्या डोंगरातलं दाकुआचं प्रचंड झाड उपटून पुरात वाहवत आणलं आणि गावाखालच्या वाळूत आणून टाकलं. दाकुआ म्हणजे सोन्यासारखं लाकूड. मुखियाने सगळ्यांसमोर सांगितलं, हा ओंडका केलेराच्या घराचा.

झालं, मग कापायचा की! पण मे महिन्यात आपोरोसाच्या करवतीचा कार्बोरेटर त्याच्या आतेभावाने, नेमानीने, दोन दिवसांसाठी नेला. जूनमध्ये पाय मुरगळला. जुलैत चर्चची परिषद. असं करत करत नोव्हेंबर उजाडला; आमच्या बेटावर पावसाळा तेव्हाच सुरू होतो. डोंगरात ढग बसायला लागले. नदीला पूर आला की पुराने आणलेला ओंडका पूरच घेऊन जाणार, आणि म्हातारी अख्खा पावसाळा त्या फडफडणाऱ्या निळ्या कापडाखाली काढणार. एरवी ढिला असलेला आपोरोसा त्या विचाराने पहाटे उठून नदीवर जाऊन ओंडका जागेवर आहे ना बघून यायला लागला. म्हणून ती बस, आणि म्हणून ते दुपटं.

लांबासात बाजारामागच्या गल्लीत बिसेसरचं दुरुस्तीचं दुकान आहे. बिसेसर बारीक माणूस, कानावर पेन्सिल, आणि दर वाक्याला सुस्कारा. त्याने दुपटं उलगडलं, करवतीकडे पाहिलं, आपोरोसाकडे पाहिलं.

"भैया, कार्बोरेटरच्या जागी हे काय आहे?"

"भोक."

"ते मलाही दिसतंय. कार्बोरेटर कुठाय?"

"नेमानीकडे. दोन दिवसांसाठी नेलाय."

"कधी?"

"मेमध्ये."

बिसेसरने सुस्कारा टाकला. प्लग काढला, दोरी ओढली, ठिणगी पाहिली. ठिणगी नव्हती. "कॉइल पण मेली." मग त्याने एकेक कव्हर उघडायला सुरुवात केली, आणि इथून आपोरोसाच्या डोक्याचा खरा भुगा झाला.

सव्वीस वर्षांपूर्वी डोंगरातला लाकूडतोडीचा तळ बंद झाला, तेव्हा साहेबाने निघताना तिघा चांगल्या कापणाऱ्यांना एकेक करवत दिली होती. आपोरोसाला एक, त्याच्या आतेभावाला नेमानीला एक, आणि लेपानीला एक. तिन्ही नारिंगी, तिन्ही एका मापाच्या, तिळ्या बहिणीच जणू. अदलाबदल नको म्हणून तिघांनी प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला खिळ्याने आपापलं नाव कोरलं होतं.

"हे कव्हर नेमानीचं," बिसेसर वाचत गेला. "टाकी लेपानीची. इंजिन... नेमानी. स्टार्टर लेपानी. पट्टी नेमानी. हे नेमानी नेमानी कोण आहे?"

"माझा आतेभाऊ."

"मग त्याला पाठवा ना. तुम्ही कशाला आलात?"

"करवत माझी आहे!"

बिसेसरने यंत्र उलटंसुलटं केलं. बराच वेळ शोधलं. "सापडलं. मूठ तुमची आहे."

आपोरोसा बाकावर बसला. सव्वीस वर्षं. अर्धं गाव, चर्चचे बाक, लेकीच्या लग्नाचा मांडव. हे सगळं त्याने कोणाच्या करवतीने कापलं होतं? मग हळूहळू त्याला आठवलं. कधीतरी तिघांनी एकाच चटईवर तिन्ही करवती साफ करायला उघडल्या होत्या, आणि अचानक पाऊस आला म्हणून चटईची चार टोकं धरून सगळं घरात पळवलं होतं. त्यानंतर जे ज्याच्या हाताला लागलं ते त्याने जोडलं. वर पुन्हा दरसाल केरेकेरे. कोणाची कॉइल, कोणाची साखळी.

"नवे भाग मिळतील?"

"ही करवत बनवणाऱ्यांनी ती बनवायची सोडून पंधरा वर्षं झाली. जगात कुठे असतील तर तिच्या बहिणींकडेच." बिसेसरने सगळं पुन्हा जोडून दुपट्यात बांधलं आणि पैसे घेतले नाहीत. "भैया, कशाचे पैसे घेऊ? आणि कोणाकडून घेऊ, हेही मला नीट कळलेलं नाही."

शुक्रवारी आपोरोसा यांगोनाच्या, म्हणजे कुटून पाण्यात कालवून प्यायच्या नशिल्या मुळ्यांची जुडी काखेत मारून नदीच्या खालच्या अंगाला नेमानीच्या गावी गेला. नेमानी म्हणजे आपोरोसाच्या आत्याचा मुलगा. आते-मामेभावांनी एकमेकांना 'तावाले' म्हणायचं आणि भेटल्याक्षणी उणंदुणं काढायचं, ही आमची रीत. जो काढत नाही त्याला आजारी समजतात.

"ये तावाले," नेमानी ओसरीवरून ओरडला. "ऐकलं की तू बाप झालास! या वयात? डावा अंगठा गेला तरी बाकी सगळं शाबूत दिसतंय."

"तुझ्या दारात आलोय म्हणजे सगळं शाबूत कसं असेल? डोकं गेलंय माझं." आपोरोसाने मांडी घातली, मुळ्या पुढे ठेवल्या, रीतीप्रमाणे टाळी वाजवली. "केरेकेरे, माझा कार्बोरेटर."

"तुझा? तुझा असेल तर मागतोस कशाला? आणि मागतोयस तर तुझा कसा?"

नेमानीने हसत हसत चुलीमागून आपली करवत आणली. कार्बोरेटर तिच्यावरच होता. तो काढताना आपोरोसाने सवयीने कव्हराच्या आत बघितलं. इंजिनावर स्वतःचंच नाव.

"हे इंजिन माझं आहे, नेमानी!"

"असेल. मग तुझ्याकडचं?"

"तुझं."

"थांब हं, मला सावकाश समजून घेऊ दे." नेमानीने बायकोलाही ऐकायला बोलावलं. "म्हणजे ही करवत तुझी आणि तुझ्याकडची माझी. तर तू माझ्या करवतीला बसवण्यासाठी तुझ्याच करवतीचा कार्बोरेटर माझ्याकडे मागायला आलायस. आणि वर मला मुळ्या आणल्यास. तावाले, असाच येत जा."

"मग अख्खी करवतच दे ना," आपोरोसा म्हणाला. त्याला वाटलं, सुटलं कोडं.

"ने. पण हिला कॉइल नाही, पट्टी नाही, साखळी नाही. कॉइल लेपानीने नेली, पट्टी गंजून तुटली. उगाच पाठीवर ओझं नेशील."

आपोरोसाने कार्बोरेटर तेवढा खिशात टाकला. यांगोनाच्या सहा वाट्या पिऊन जीभ जड झाल्यावर तो निघाला. नेमानीने त्या दिवशी बदल्यात काहीच मागितलं नाही. यावरूनच आपोरोसाने खरं तर सावध व्हायला हवं होतं, पण सावध होणारा माणूस वेगळा असतो.

सोमवारी स्वारी करवत पाठीवर घेऊन डोंगरातल्या गावी लेपानीकडे. कॉइल तिथल्या तिथे बसवून ठिणगी बघायची, असा बेत. लांब पट्टी आणि तिच्यावर फिरणारी साखळी जड म्हणून घरीच काढून ठेवली. लेपानी तिघांत मोठा. आता चर्चच्या वडीलधाऱ्या मंडळींतला एक झालाय, पांढरे केस, आवाज असा की साधं "बस" म्हटलं तरी प्रार्थना वाटते.

"लेपानीदादा, केरेकेरे, कॉइल," आपोरोसा म्हणाला.

लेपानीने डोळे मिटले. कॉइलसाठी, नदीसाठी, केलेराच्या छपरासाठी आणि लांबासातल्या त्या निष्पाप बाळासाठी त्याने इतकी लांब प्रार्थना केली की आपोरोसाला मध्येच 'बाळ नाही हो दादा' म्हणायची संधी मिळाली नाही. आमेननंतर त्याने नेमानीकडून आणलेली जादा कॉइल स्वतः काढून दिली. बसवली. प्लगवर निळी ठिणगी उडाली! आपोरोसाचा जीव भांड्यात पडला.

"आता बघ," लेपानी म्हणाला, "तो स्टार्टर माझा आहे. माझं नाव दिसतंय त्याच्यावर. माझ्यावरचा मोडलाय. पुढच्या परिषदेच्या पाहुण्यांचं सरपण कापायचं राहिलंय. केरेकेरे."

"दादा, मलाही सुरू करायची आहे ना..."

वाक्य पुरं व्हायच्या आत हाताने स्टार्टर सोडवायला घेतलाही होता. तोंड आणि हात यांची आपोरोसाच्या शरीरात कधी गाठच पडत नाही.

मंगळवारी दुपारी तो घरी आला. ओसरीवर पट्टी नव्हती. साखळी नव्हती.

"आकानिसीचे बाबा, ओरडू नका," उनाइसी आधीच म्हणाली. "नेमानी येऊन गेला. तुम्ही कार्बोरेटर नेलात तेव्हा त्याला आठवलं की पट्टी त्याचीच आहे. पपईचं झाड आडवं झालंय म्हणे."

"पपई? पपई तर विळ्याने तुटते!"

"मी पण तेच म्हटलं."

"मग दिलीस कशाला?"

"दिली कुठे? मी 'बसा' म्हणेपर्यंत खांद्यावर टाकून निघाला. तुमच्या आत्याचा मुलगा आहे, हे गाव त्याचं आजोळ. भाचा आजोळी आला तर त्याला काय मागायची गरज असते? उद्या चुलीवरचं पातेलं उचललं तरी मी झाकण शोधून देणार."

हे मात्र खरं. भाच्याने आजोळातलं काहीही उचलावं आणि मामाच्या माणसांनी हसून बघावं, हा कायदा केरेकेरेच्याही वरचा. आपोरोसा करवत पुढ्यात घेऊन बसला. गेल्या बुधवारी कार्बोरेटर आणि कॉइल नव्हती. आता दोन्ही होती, पण स्टार्टर, पट्टी आणि साखळी गेली होती. पाच दिवस पायपीट करून करवत उलट हलकी झाली होती. त्याने बोटांवर मोजून पाहिलं, मग उलट्या बाजूने मोजून पाहिलं. तिकडून आणखी कमी भरलं.

"आता काय आणायला जाणार?" उनाइसीने विचारलं.

"स्टार्टर आणायला गेलो तर मूठ पण जाईल," तो म्हणाला. "तेवढीच माझी आहे."

बुधवारी पहाटे तो नदीवर गेला तर आई आधीच तिथे उभी. पाणी गढूळ झालं होतं, त्यावर पांढरा फेस. ओंडक्याचं खालचं टोक पाण्यात गेलं होतं आणि लाट आली की तो एवढा मोठा दाकुआ झोपेत कूस बदलावी तसा किंचित हलत होता.

"काल माझा पाय भिजत नव्हता इथे," केलेरा म्हणाली.

"आई, मी भाग गोळा करतोय. होईल."

"तुझा बाप घर बांधायचा तेव्हा भाग नाही गोळा करायचा, पोरा. माणसं गोळा करायचा." ती काठी टेकत वर निघून गेली. तिला म्हणे चहा ठेवायचा होता.

आपोरोसा बराच वेळ वाळूत बसून राहिला. त्याला ते वाक्य लगेच कळलं असं नाही. त्याला काहीच लगेच कळत नाही. पण ओंडका पुन्हा एकदा हलला तेव्हा तो उठला, घरी येऊन यांगोनाची राहिलेली सगळी मुळं घेतली आणि आधी नेमानीच्या दारात जाऊन मांडी घातली.

"आता काय उरलंय मागायला?" नेमानी म्हणाला. "माझी बायको?"

"केरेकेरे, तू. शनिवारी दिवसभर. तुझ्याकडे जे काही नारिंगी आहे ते सगळं घेऊन माझ्या वाळूत ये."

वस्तू मागितली की बदल्यात वस्तू मागता येते, माणूस मागितला तर काय मागायचं? "मग पुढच्या शनिवारी तू माझा," नेमानी शेवटी म्हणाला.

"ये म्हणशील तेव्हा," आपोरोसा म्हणाला. लेपानीकडेही तसंच. लेपानीने डोळे मिटायच्या आत आपोरोसा म्हणाला, "दादा, प्रार्थना तिथेच येऊन करा. तिथे जास्त लागणार आहे."

शनिवार उजाडला तो डोंगरावर काळंकुट्ट आभाळ घेऊनच. रविवारी कोणी लाकडाला हात लावणार नाही, आणि सोमवारपर्यंत ओंडका समुद्रात असेल, हे सगळ्यांना कळत होतं. वाळूत चटई पसरली. तिन्ही करवती तिच्यावर उघडल्या. सगळं गाव भोवती.

"इंजिन माझं घ्या," नेमानी म्हणाला.

"ते म्हणजे आपोरोसाकडचं," लेपानी म्हणाला.

"आपोरोसाकडचं माझं आहे. माझ्याकडचं आपोरोसाचं."

"मग आपोरोसाचं म्हणजे कुठलं?"

"मला विचारू नका," आपोरोसा म्हणाला. "मला मूठ द्या."

लुसियानाने मध्ये तोंड घालून सांगितलं की नावं वाचून तीन ढीग करा. तीन ढीग केले. एकाही ढिगाची करवत होईना. लेपानीच्या ढिगात दोन टाक्या आणि पट्टी एकही नाही, नेमानीच्या ढिगात इंजिन आहे तर टाकी नाही, आपोरोसाच्या ढिगात एक इंजिन आणि चार मुठी, त्यातली एक कुठल्या यंत्राची हे अजून कोणाला सांगता आलेलं नाही. शेवटी केलेरा म्हातारीने काठीने तिन्ही ढीग एकत्र ढकलले. "नाव वाचायचं बंद करा," ती म्हणाली. "जे बसतंय ते बसवा."

मग मात्र हात चालले. या तिघांचे हात, डोकं बाजूला ठेवलं तर, अजून त्या डोंगरातल्या तळावरचेच होते. एक स्क्रू मागायच्या आत दुसरा पुढे करत होता. टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल पडलं. आपोरोसाने दोरी ओढली. काही नाही. दहा वेळा ओढली. लेपानी मोठ्याने प्रार्थना करायला लागला, नेमानी मोठ्याने शिव्या द्यायला लागला. एकोणिसाव्या ओढीला करवत खोकली, निळा धूर सोडला आणि अशी गरजली की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. प्रार्थनेने की शिव्यांनी, यावर गावात दोन पक्ष आहेत.

दिवसभर आपोरोसा कापत राहिला. काळा दोरा ताणायचा, टण्‌कन सोडायचा, कापायचं. टाकी संपली की लेपानी साखळीवर कानस फिरवायचा, तेवढ्यात बायका आपोरोसाच्या तोंडात दालो आणि डब्यातल्या मासळीचा घास घालायच्या. नेमानी पाचरा ठोकायचा आणि प्रत्येक फळी सुटली की तिच्यावर नाक टेकवून डोळा बारीक करायचा. "वाकडी आहे," म्हणायचा. एकही वाकडी नव्हती. माणसं फळ्या खांद्यावर घालून चढण चढत होती. पाणी आधी घोट्याला, मग पोटरीला लागलं. चारच्या सुमाराला डोंगरात कुठेतरी खूप पाऊस पडला असावा, कारण नदी एकदम वाकडं तोंड करून आली. लेपानी ओरडला. आपोरोसाला उजव्या कानाने ऐकू आलं नाही. तेव्हा नेमानीनेच पाण्यात शिरून त्याला कमरेला धरून करवतीसकट ओढला. उरलेला तिसरा हिस्सा ओंडका अलगद उठला, एकदा गोल फिरला आणि गेला.

वर केलेराच्या खांबांजवळ फळ्या रचल्या. उनाइसीने मोजल्या. एक्केचाळीस. घराला लागणार होत्या अडतीस. छप्पर, चारही भिंती आणि म्हातारीला बसायला एक पडवी. म्हातारीने एका फळीचा वास घेतला आणि ओल्या हातांनी डोळे पुसले. ओलं ओल्याने पुसून काय होतं, पण पुसले.

यांगोनाचं मोठं भांडं मध्ये आलं. पहिल्या वाट्या झाल्या, टाळ्या वाजल्या. आणि मग नेमानी फळ्यांकडे बघत बसला. त्याचं ते बघणं गावात सगळ्यांना ओळखीचं आहे. फळ्यांना पाय फुटतात त्याने.

"तावाले," तो म्हणाला, "इंजिन माझं होतं."

"असेल."

"पट्टी माझी. पाचरा मी ठोकल्या. वर तुला नदीतून काढला. आणि हे माझं आजोळ." त्याने उठून रचलेल्या फळ्यांवर हात ठेवला. "माझ्या स्वयंपाकघराची भिंत गेलीय, माहीत आहे तुला. दहा नेतो."

लेपानीने डोळे मिटले. उनाइसीने तोंड फिरवलं, कारण तिला माहीत होतं आता काय होणार. आपल्या नवऱ्याला सव्वीस वर्षांत कोणी 'नाही' म्हणताना ऐकलेलं नव्हतं, आणि दहा गेल्या तर म्हातारीची एक भिंत ताडपत्रीचीच राहणार होती. केलेरा काठी मांडीवर आडवी घेऊन आपल्या चार खांबांमध्ये बसली होती. तिने कोणाकडेच पाहिलं नाही.

आपोरोसाने वाटी रिकामी केली, खाली ठेवली, एकदा टाळी वाजवली.

"ने ना, तावाले, भाच्याला कोण अडवणार?" तो म्हणाला. "फक्त आधी आम्हाला भिंतीला ठोकू दे. मग ये, आई आत बसलेली असेल तेव्हा ये, आणि तिच्यादेखत उपटून ने."